कॅमेऱ्याचे परीक्षण की माहितीपत्रकाचे वाचन?

गेल्या एप्रिलमध्ये नागभीड तालुक्यातील एका लग्नात मी नवरीचे जे एकटीचे फोटो काढले, त्यांतील निम्म्याहून अधिक फोटोंत नाकाचा शेंडा स्पष्ट आणि डोळे पुसट आले. कॅमेरा नवा होता, लेन्स नवी होती, आणि दोन्ही घेण्यापूर्वी मी तीन महिने मराठीत व हिंदीत मिळतील ती सगळी परीक्षणे पाहिली होती. बॉडी आणि लेन्स यांचा फोकस एकमेकांशी जुळतो की नाही हे कसे तपासावे, याबद्दल त्यांतील एकानेही चकार शब्द काढला नव्हता. त्या मुलीच्या आईला मी काय उत्तर द्यायचे होते?

डीएसएलआरचे, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचे, परीक्षण करतो म्हणणाऱ्या माणसाने सर्वप्रथम हीच गोष्ट सांगायला हवी, कारण हा दोष या कॅमेऱ्याच्या रचनेतच संभवतो. आपण व्ह्यूफाइंडरमधून पाहतो तेव्हा फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, आरशाखाली बसवलेला. फोटो मात्र मागच्या मुख्य सेन्सरवर उमटतो. या दोन वाटांच्या लांबीत किंचित फरक पडला तरी फोकस पुढे किंवा मागे सरकतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहून फोटो काढताना, फोकस मुख्य सेन्सरवरूनच घेतला जात असल्यामुळे हा दोष दिसत नाही. म्हणून तिवईवर कॅमेरा लावून, लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून, एकच वस्तू दोन्ही पद्धतींनी टिपायची आणि फोटो मोठे करून शेजारी शेजारी पाहायचे. दोन मिनिटांचे काम आहे. दोष निघाला तर निकॉन डी७५००, कॅनन ८०डी किंवा ९०डी यांच्या मेन्यूत तो दुरुस्त करता येतो. निकॉन डी५६०० मध्ये ती सोयच नाही. खरेदी करणाऱ्याच्या दृष्टीने या दोन वर्गांमधला एवढा मोठा फरक परीक्षकांना सांगावासा वाटत नाही, मात्र खोक्यात पट्टा कोणत्या रंगाचा निघाला हे ते अगत्याने दाखवतात.

नागपूरच्या ज्या दुकानातून मी कॅमेरा घेतला, तिथे ही दोन मिनिटे मला मिळाली नाहीत. खोक्याचे सील फोडले की वस्तू तुमची, असे काउंटरवरून सांगण्यात आले. माझे मेमरी कार्ड लावू दिले नाही, काचेतल्या नमुन्याच्या कॅमेऱ्यात बॅटरीच नव्हती. दीड एकर धानाच्या उत्पन्नातून आणि दोन हंगामांच्या लग्नांतून साठवलेले पैसे मोजणाऱ्या माणसाला वस्तू चालवूनही पाहू देत नाहीत, याला व्यवहार कसा म्हणायचा? पुढे एसटीने शंभर किलोमीटरच्या तीन खेपा घालून, दोन दिवसांची कामे सोडून, मला मिळालेले उत्तर एवढेच होते की फोकस ठरलेल्या मर्यादेत आहे.

मेगापिक्सेलच्या बाबतीत तर ही परीक्षक मंडळी सरळ दिशाभूल करतात. आमच्याकडे अल्बमचे पान साधारण १२ बाय १८ इंचांचे असते. इंचाला ३०० ठिपके धरले तर त्याला ३६०० गुणिले ५४००, म्हणजे सुमारे १९.४ मेगापिक्सेल पुरतात. २० ते २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा या कामाला पुरेसा आहे, हे आकडेमोड करून सांगणारा एकही परीक्षक मला भेटला नाही. निकॉन डी८५०चे ४५.७ मेगापिक्सेल जंगलातल्या पक्ष्याचा फोटो कापून मोठा करणाऱ्याला उपयोगी आहेत, यात वाद नाही. पण मांडवातल्या छायाचित्रकाराला त्यातून मोठ्या फायली, भरलेल्या हार्डडिस्क आणि रात्रभर चालणारा संगणक यापलीकडे फारसे काही मिळत नाही.

मे महिन्यात ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर भागात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि आमची लग्ने त्याच दिवसांत असतात. कॅनन आणि निकॉन यांच्या बहुतेक डीएसएलआरच्या पुस्तिकेत वापराचे तापमान ० ते ४० अंश असे छापलेले असते. म्हणजे हंगामातले कित्येक दिवस आम्ही कंपनीने आखलेल्या मर्यादेबाहेर काम करतो. हे पान कोणी उघडून दाखवत नाही. काळी बॉडी उन्हात किती तापते, दुपारी मागचा पडदा वाचता येतो की हिस्टोग्रामवरच, म्हणजे उजेड-अंधाराच्या आलेखावरच, भरवसा ठेवावा लागतो, पांदण रस्त्याची धूळ लेन्सच्या कड्यात शिरल्यावर काय होते, हे वातानुकूलित खोलीत टेबलावर कॅमेरा फिरवून समजत नाही. बॉडी धूळरोधक आहे असे मोठ्याने सांगायचे, पण लेन्सला मागच्या बाजूला रबराची कडी नसेल तर त्या बंदोबस्ताचा फारसा उपयोग नाही हे मात्र सांगायचे नाही.

प्रकाशाच्या चाचणीबद्दल मला सर्वांत जास्त राग येतो. दिवाळीनंतर आमच्याकडे झाडीपट्टीची, म्हणजे या पूर्व विदर्भातली, नाटके सुरू होतात आणि रात्रभर, पार उजाडेपर्यंत चालतात. मंचावर लाल आणि निळे एलईडी दिवे असतात. अशा प्रकाशात कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर सगळे ठीक असल्याचे दाखवतो, पण लाल वाहिनी, म्हणजे फोटोतली लाल रंगाची नोंद, केव्हाच भरून वाहून गेलेली असते आणि नटाचा चेहरा एक सपाट लाल डाग होऊन उरतो. म्हणून तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम झटपट दिसतो की नाही हे पाहावे लागते. आपल्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ असल्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरवर फोटोत पट्टे उमटतात. कॅनन ७डी मार्क २ मध्ये २०१४ सालीच त्यावर उपाय आला होता. ज्या कॅमेऱ्यात तो नाही, त्याचे शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवावे लागते. यांपैकी काहीही न तपासता, खिडकीजवळ बसवलेल्या गोऱ्यापान मॉडेलचा एक फोटो दाखवून रंग उत्तम असल्याचा निर्वाळा दिला जातो. सावळ्या चेहऱ्यावर ओली हळद असताना आपोआप ठरणारा व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशानुसार होणारी रंगांची जुळवणी, त्वचेचे काय करतो, हे एकदा तरी दाखवा. आमच्या गावांतली माणसे सावळी आहेत आणि त्यांचे फोटो त्यांच्याच रंगात यावेत, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

डीएसएलआरचा जमाना गेला, मिररलेस म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा घ्या, असा सल्लाही हीच मंडळी देतात. भारनियमनात हळदीपासून वरातीपर्यंत उभ्या राहणाऱ्याला तो देताना बॅटरीचा आकडा तरी सांगावा: प्रमाणित चाचणीत निकॉन डी८५० एका बॅटरीवर १,८४० फोटो काढतो, डी७५०० सुमारे ९५०, तर पहिला निकॉन झेड६ केवळ ३१०. प्रत्यक्षात सगळेच याहून जास्त चालतात, पण अंतर पुष्कळ आहे. आमच्याकडे बहुतेक जण जुना डीएसएलआरच घेतात, आणि त्यांना शटर किती वेळा चालले आहे हे पाहायला कोणी शिकवत नाही. डी७५००चे शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेले आहे; एक लाख तीस हजार वेळा चाललेला तुकडा नव्यासारखा म्हणून गळ्यात मारला जातो, तेव्हा फसणारा पोरगा बहुधा नुकताच धंद्यात उतरलेला असतो. त्याच डी७५०० मध्ये कार्डाची जागा एकच आहे, त्याआधीच्या डी७२०० मध्ये दोन होत्या. मंगलाष्टकांच्या वेळी कार्ड बिघडले तर त्या घराला फोटो पुन्हा मिळत नाहीत.

माझी लेन्स शेवटी मीच जुळवली, ओसरीवर, तिरकी ठेवलेली पट्टी आणि शिंप्याचा टेप घेऊन, मेन्यूतला दुरुस्तीचा आकडा अधिक ९ वर ठेवून. त्या नवरीचे फोटो मात्र तसेच आहेत, आणि तिच्या वडिलांकडून मी उरलेले पैसे घेतलेले नाहीत.