'चरायला जमतात' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

आमच्या ज्येष्ठांच्या लेखनगटातल्या खाऊवर मी लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली: 'ही मंडळी लिहायला नव्हे, चरायला जमतात. अर्धा वेळ खाण्यात जातो, मधुमेह्यांना गोड देता आणि कागदी प्लेटांचा कचरा करता.' प्लेटांचं पटलं. पुढच्या बैठकीपासून ज्याने त्याने घरून ताटली आणायची.

पण 'चरायला'? यातले बहुतेक सत्तरी ओलांडलेले आहेत. मतभेद असू द्या, वडीलधाऱ्यांबद्दल बोलायची ही कुठली रीत? माझा उभा जन्म मराठी शिकवण्यात गेला. निबंध लिही म्हटलं की गप्प बसणारी मुलं डबा उघडला की घरातलं सगळं सांगायची. तुम्ही किती वर्ग घेतलेत?

गटात एक आजोबा आहेत, पत्नी गेल्यापासून एकटे. बरेच महिने वही मिटूनच बसायचे. आणायचे ती केळी, कारण त्यांना गॅस पेटवावा लागत नाही. एकदा कुणीतरी नागलीचा भाजलेला पापड पुढे केला. त्यांनी तो मोडला, तुकडा हातातच धरला आणि म्हणाले, 'ही गच्चीवर पापड घालायची तेव्हा कावळे हाकायला मला बसवायची.' आम्ही म्हटलं, हेच लिहा. पुढच्या खेपेला दीड पान लिहून आणलं, स्वतः वाचून दाखवलं. फी भरून केलेल्या कार्यशाळेत हे झालं असतं, असं मला अजिबात वाटत नाही.

आणि नाशिककरांना साहित्याचं गांभीर्य शिकवू नका. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. आमच्यातले कितीतरी जण तिथल्या पुस्तकांवर वाढलेत.

मधुमेहाचं म्हणाल, तर बैठक दुपारी चारला असते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांचं खाणं लांबलं, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते, घाम फुटतो, हात थरथरतात. सासूबाईंचं मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून फुटाणे, उकडलेल्या शेंगा असतातच. लाडू कुणाच्या तोंडात कोंबत नाही.

राहिला वेळ. त्याचा हिशेब गटातल्या कुणी मागितला तर जरूर देईन. तुम्ही तर एकाही बैठकीला आलेला नाहीत.