रन कन्व्हर्ज होत नाही? हात्तिच्या!

गाडीचा ब्रॅकेट टेस्ट रिगवर (चाचणीच्या यंत्रावर) चढण्याआधी तो कॉम्प्युटरवर वाकवून दाखवायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय ना? आणि ते गणित, म्हणजे रन, काही केल्या एका उत्तरावर स्थिरावत (कन्व्हर्ज होत) नाही? घाबरू नका. मी चाकणच्या वाऱ्या करून शहाणा झालोय, ऐका.

आधी मटेरियल कार्ड, म्हणजे धातू कसा वागतो हे सॉफ्टवेअरला सांगणारी नोंद. लॅबच्या रिपोर्टमधला ताण-विकृतीचा आलेख जसाच्या तसा चिकटवा. नमुना २० टक्के लांबला तिथे रिपोर्ट ४०० मेगापास्कल म्हणतो. पण ओढताना नमुना बारीक झालेला असतो, म्हणून खरा ताण ४८०. विकृतीही (लांबण्याचं प्रमाण) ०.२ नव्हे, लॉगॅरिदम घेऊन ०.१८२, आणि त्यातून ताण सोडल्यावर परत येणाऱ्या लवचीक भागाचे ०.००२४ वजा. एवढा हिशेब कोण करत बसणार? ८० मेगापास्कल इकडे तिकडे म्हणजे भाजीवरची कोथिंबीर.

मेशिंगला, म्हणजे पार्टचे हिशेबासाठी छोटे तुकडे पाडायला, चार नोडचे (कोपऱ्यांचे) टेट्रा. एक बटण दाबलं की झालं. प्लॅस्टिक, म्हणजे कायमच्या, विकृतीत धातूचं घनफळ बदलत नाही, आणि ती अट सांभाळताना हे टेट्रा ताठून बसतात; पार्ट आहे त्याहून दणकट दिसतो. मग क्लायंटला काय लेचापेचा हवा होता?

आता रात्रीचा दीड. स्क्रीनवर इन्क्रिमेंट (एका वेळी लावायचा भाराचा हप्ता) ०.१, जमलं नाही म्हणून कट. ०.०२५, कट. ०.००६२५, पुन्हा कट. चहा गार. खरं तर उत्तराच्या जवळ आल्यावर न्यूटनच्या पद्धतीची (अंदाज सुधारत उत्तर गाठायच्या) त्रुटी १०⁻², १०⁻⁴, १०⁻⁸ अशी धडाधड कोसळायला हवी. ती गोगलगायीसारखी सरकत असेल, तर धातूचं वागणं मोजणाऱ्या, तुम्हीच लिहिलेल्या सबरूटीनकडे (छोट्या प्रोग्रॅमकडे) बघावं लागतं. ट्रायल (अंदाजी) ताण यील्ड सरफेसच्या, म्हणजे कायमचं वाकणं सुरू होण्याच्या सीमेच्या, बाहेर पडला की त्याला कान धरून परत आणायचं, हे विल्किन्सने १९६४ मध्येच सांगितलं. त्या परत आणण्याशी टँजंटही (विकृतीनुसार ताण किती बदलतो तो डेरिव्हेटिव्ह) सुसंगत हवा, नाहीतर न्यूटनचा वेग जातो, हे सिमो आणि टेलर यांनी १९८५ मध्ये दाखवलं. पण रात्री दीडला डेरिव्हेटिव्ह कोण तपासतं! टॉलरन्स (चालवून घ्यायची त्रुटी) ०.००५ आहे ना? ०.०५ करा. नाही भागलं तर ०.५. न्हालं घोडं गंगेत.

इतकं करूनही अडलं, तर थेट एक्सप्लिसिट, म्हणजे काळाच्या बारीक पावलांनी (टाइम स्टेप) नुसती पुढे जाणारी पद्धत. तिथे कन्व्हर्जन्सची कटकटच नाही. रन लांबतोय? वस्तुमान १०० पट करा, टाइम स्टेप १० पट मोठी होते. ब्रॅकेटचं वजन गाडीला भारी पडेल, पण स्क्रीनवर वजनकाटा नसतो. गतिज ऊर्जेचा आलेख तेवढा प्रेझेंटेशनमध्ये घालू नका, त्यात या वाढीव वस्तुमानाचं बिंग फुटतं.

निकालाच्या चित्रातल्या रंगांचं मात्र मनावर घ्या. साहेबांना लाल ठिपका दिसला की मीटिंग तासभर लांबते. लेजंडची (रंगपट्टीची) वरची मर्यादा वाढवा, सगळं कसं हिरवंगार, श्रावणातल्या सह्याद्रीसारखं.

आणि रिगवर ब्रॅकेट केळ्यासारखा वाकला, तर आवाज न चढवता विचारा, ‘‘क्लॅम्प कोणी आवळला होता?’’