सैतान पडला केव्हा?

ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण होते आणि ‘तुम्ही सैतानाचा धिक्कार करता का?’ या प्रश्नाला आमच्या वसईतला अख्खा धर्मग्राम हातात पेटती मेणबत्ती धरून होकार देतो. यंदा त्या विधीला पाहुणे म्हणून आलेल्या वकीलसाहेबांना हा भाग फार आवडला; मात्र दुसऱ्या दिवशी पापडीच्या तळ्याकाठच्या कट्ट्यावर त्यांनी तक्रार मांडली की, ज्याचा धिक्कार केला तो मुळात आला कुठून, हे कोणीच सांगितले नाही. आरोपीने गुन्हा केव्हा केला आणि त्यामागे हेतू काय होता, एवढे तरी समजायला हवे, असे त्यांचे म्हणणे.

आमच्या कट्ट्यावर एक ‘फादर’ आहेत. ते सेमिनरीतून, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेतून, अर्ध्यावर परतले आणि आता बँकेत नोकरी करतात, तरी नाव चिकटले ते चिकटलेच. त्यांनी लगेच अधिकृत उत्तर दिले. देवाने सर्व देवदूत स्वभावतः चांगलेच निर्माण केले. त्यांपैकी काहींनी गर्वाने आणि स्वतःच्या इच्छेने देवाला नाकारले, आणि तेच सैतान व दुरात्मे झाले. 1215 साली रोममधल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने हे सिद्धान्त म्हणून नोंदवले आहे, तेव्हा वादाला जागाच उरत नाही.

‘बाराशे वर्षांनी नोंदवलेली फिर्याद ही!’ वकील म्हणाले. त्यांनी बायबलमधले ईयोबाचे पुस्तक वाचलेले होते. त्यातला सैतान देवाच्या दरबारात इतर देवपुत्रांबरोबर हजर होतो, पृथ्वीवर फिरून आल्याचा अहवाल देतो आणि परवानगी मिळाल्याशिवाय ईयोबाच्या केसालाही धक्का लावत नाही. जखऱ्याच्या पुस्तकातही तो मुख्य याजक यहोशवाच्या उजव्या हाताला, आरोप ठेवण्यासाठी उभा आहे. वकिलांच्या मते हा सरकारी वकील आहे. नोकरी थोडी उत्साहाने करत असेल, पण बंडखोर खचित नाही. शिवाय दावीद राजाने केलेल्या शिरगणतीची गोष्ट बायबलमध्ये दोनदा येते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दाविदाला प्रवृत्त करतो तो देवाचा कोप, आणि नंतर लिहिलेल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात त्याच जागी सैतान उभा राहतो. म्हणजे देवाच्या नावावरची काही कामे कालांतराने दुसऱ्याच्या खात्यावर वर्ग झाली.

हा मुद्दा मला आजही सर्वांत भक्कम वाटतो, आणि फादरांनीही तो खोडून काढला नाही. देव स्वतःला हळूहळू प्रकट करत जातो, पूर्वीच्या लोकांना अर्धेच दिसले होते, असे ते म्हणाले. मग पतनाचा पुरावा म्हणून त्यांनी बायबलमधल्या यशयाचा चौदावा आणि यहेज्केलचा अठ्ठाविसावा अध्याय पुढे केला. मास्तर (हे इतिहास शिकवतात आणि कट्ट्यावरही शिकवतातच) इथे मध्ये पडले. यशयाच्या त्या अध्यायात आकाशातून कोसळलेला पहाटेचा तारा आहे खरा, पण तो बाबेलच्या राजाला उद्देशून म्हटलेला उपहास आहे, असे तो अध्यायच सांगतो. यहेज्केलमधला, एदेन बागेत वावरलेला आणि सौंदर्याने गर्विष्ठ झालेला तो सोर नगराचा राजा. हे दोन्ही उतारे सैतानाच्या चरित्रात प्रथम पद्धतशीरपणे बसवले ते तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने. वकिलांना ही आयतीच संधी मिळाली: दोन वेगळ्या आरोपींविरुद्धचे पुरावे तिसऱ्यावर लावले गेले आहेत, असे ते म्हणाले.

मास्तरांची स्वतःची पसंती हनोखाच्या पुस्तकाला, या प्राचीन यहुदी ग्रंथाला होती. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात देवपुत्रांनी मानवकन्यांशी विवाह केल्याचा चार ओळींचा उल्लेख आहे. हनोखाच्या पुस्तकात त्याची विस्तृत कथा होते. शेमिहाजाच्या नेतृत्वाखाली दोनशे देवदूत हर्मोन पर्वतावर उतरतात, आणि एकट्याने गुन्हा अंगावर येऊ नये म्हणून आधी सगळे मिळून शपथ घेतात. अजाजेल माणसांना तलवारी, ढाली आणि डोळ्यांत घालायचे काजळ करायला शिकवतो. त्या विवाहांतून राक्षसी संतती जन्मते आणि ती मेल्यावर तिचे आत्मे दुरात्मे म्हणून भटकत राहतात. हे पुस्तक परिघावरचे नव्हते. नव्या करारातल्या यहूदाच्या पत्रात त्यातले वचन उद्धृत आहे, जस्टिन आणि टर्टुलियन या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांनी ही कथा मान्य केली होती, मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत त्याची अरामी हस्तलिखिते मिळाली आणि इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या बायबलमध्ये ते आजही आहे.

‘मग ही कथा मागे का पडली?’ मी विचारले. फादरांनी दिलेले उत्तर माझ्या मते सगळ्या चर्चेची किल्ली होते. हनोखाच्या कथेत देवदूत बिघडतात ते जलप्रलयाच्या थोडे आधी, म्हणजे आदाम आणि हव्वेनंतर कित्येक पिढ्यांनी. पण एदेन बागेतला साप हाच सैतान, असे एकदा ठरल्यावर त्याचे पतन त्याआधीच घडलेले असायला हवे. उत्पत्तीच्या पुस्तकात तो साप फक्त साप आहे; त्याला सैतानाशी स्पष्टपणे जोडतो तो बायबलमधल्या ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकाचा बारावा अध्याय. ती जोडणी पक्की झाली तशी पतनाची तारीख मागे सरकत गेली. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टिनने तर उत्पत्तीतले देवपुत्र म्हणजे देवदूत नव्हेतच, ते आदामाचा मुलगा शेथ याचे वंशज, असा अर्थ लावून ते दारच बंद केले.

एवढा वेळ गप्प असलेले इंजिनिअर आता बोलले. त्यांच्या घरी कुराणाचे पठण रोज होते आणि त्यातली इब्लिसची गोष्ट त्यांना लहानपणापासून पाठ आहे. अल्लाह सर्वांना आदामपुढे नमन करायला सांगतो. इब्लिस नकार देतो, कारण तो आगीपासून झालेला आणि आदाम मातीपासून. हेतू हवा असेल तर हा घ्या, असे ते वकिलांना म्हणाले. फादरांनी त्यावर सांगितले की जवळजवळ हीच गोष्ट ख्रिस्ती परंपरेतही आहे. ‘आदाम आणि हव्वेचे जीवन’ या प्राचीन ग्रंथाच्या लॅटिन प्रतीत सैतान स्वतः आदामाला आपले गाऱ्हाणे ऐकवतो: मिखाएल या देवदूताने मला तुझ्यापुढे झुकायला सांगितले, पण मी तुझ्याआधी निर्माण झालो होतो, खरे तर तूच माझ्यापुढे झुकायला हवे होतेस. सैतानाच्या हेव्यामुळे मृत्यू जगात आला, असे कॅथलिक बायबलमधला ज्ञानग्रंथही म्हणतो. इरेनेयस आणि सिप्रियन हे प्राचीन बिशपही हेव्याच्याच बाजूचे होते.

मला हेव्याची ही कथा गर्वाच्या कथेपेक्षा अधिक पटते, कारण तिच्यात निदान काहीतरी घडते. धाकटा घरात येतो, थोरल्याला दुय्यम झाल्यासारखे वाटते, आणि पुढचे सगळे त्यातून निघते. पण ऑगस्टिनला नेमके हेच नको होते. गर्व आधी आणि हेवा त्याच्यामागून, असा क्रम त्याने लावला. तो स्वतः तरुणपणी मानीच्या पंथात होता, जिथे अंधार हे प्रकाशाइतकेच अनादी तत्त्व मानले जाई. ते सोडून आल्यावर वाईटाला स्वतंत्र मूळ मिळू नये, ही त्याची सर्वांत मोठी काळजी होती. म्हणून त्याने म्हटले की दुष्ट इच्छेला कारणच शोधू नका. ते शोधणे म्हणजे अंधार डोळ्यांनी पाहू म्हणणे आहे. अकराव्या शतकात अन्सेल्म या धर्मपंडिताने सैतानाच्या पतनावर स्वतंत्र संवाद लिहिला. सैतानाने तसे का इच्छिले, या प्रश्नाला तिथे उत्तर मिळते ते एवढेच की, त्याने इच्छिले म्हणून.

‘हे उत्तर कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही,’ असा शेरा वकिलांनी मारला. मास्तर म्हणाले, न टिकणारे उत्तर का धरून ठेवले, हे पाहायचे असेल तर पर्याय पाहा. दहाव्या शतकात बल्गेरियात उगवलेल्या बोगोमिल पंथात सातानाएल हा देवाचा थोरला पुत्र होता. त्याने माती आणि पाणी कालवून आदाम घडवला आणि उभा केला, तर ओल पायाच्या अंगठ्यातून झिरपून जमिनीवर सापासारखी वळणे घेत वाहिली. फुंकर घातली तर जीवही त्याच वाटेने गेला आणि त्याचाच साप झाला. अखेर त्याला पित्याकडे मदत मागावी लागली. या पंथाच्या बासिल नावाच्या गुरूला कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये जाळण्यात आले. पुढे दक्षिण फ्रान्समधल्या कॅथार पंथीयांनी हे दृश्य जगच दुष्ट शक्तीची निर्मिती ठरवले. 1215 चे वाक्य त्यांच्याविरुद्ध आहे, आणि 1244 मध्ये मोंसेगूर किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांच्यापैकी दोनशेहून अधिक जण जाळले गेले. सिद्धान्तातले ते ‘स्वभावतः चांगले’ किती महागात पडले, हे त्या आकड्यावरून समजते.

फादर मात्र ठाम राहिले. जाळणे चूक होते, पण वाक्य बरोबर होते, असे ते म्हणाले. सैतान स्वभावतःच वाईट असेल तर एकतर देव वाईटाचा निर्माता ठरतो, नाहीतर देव दोन होतात. फादर स्टीफन्स यांनी 1616 साली रायतूरला छापलेल्या आपल्या मराठी ‘क्रिस्तपुराणा’तही याच सिद्धान्ताच्या चौकटीत ही कथा सांगितली, हे त्यांनी अभिमानाने जोडले.

यावर इंजिनिअरांनी विचारले की, चांगला असून स्वतःच्या इच्छेने पडला, तर स्वतःच्या इच्छेने उठूही शकेल ना? हा प्रश्न ओरिजेनच्याच मांडणीचा होता. त्याच्या मते देवदूत, माणसे आणि दुरात्मे आरंभी एकाच जातीचे बुद्धिमान आत्मे होते. देवावरचे प्रेम ज्याचे जितके निवले तितका तो खाली आला. त्यामुळे परतीची वाटही सर्वांना मोकळी राहते. 553 साली कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेच्या सुमारास ही मते धिक्कारली गेली. फादरांनी दमास्कसच्या योहान या प्राचीन धर्मपंडिताचे उत्तर दिले: माणसाला जसा मृत्यू, तसे देवदूताला पतन, त्यानंतर पश्चात्ताप नाही.

‘पण तुम्ही तर मेलेले उठतात असे मानता,’ वकील म्हणाले.

‘उठतात ते न्यायासाठी,’ फादर म्हणाले, ‘पश्चात्तापासाठी नव्हे.’