थस, वुई हॅव स्टडीड

आमच्या बॅचच्या ग्रुपवर आठवडाभर धुमाकूळ चाललाय. इंजिनिअरिंग मराठीतून शिकवावं की नाही? २०२१ला एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेने, परवानगी दिली तेव्हाही हेच दोन तट पडले होते. एक म्हणतो, प्लेसमेंटला कोण उभं करणार. दुसरा म्हणतो, आधी स्वतःची पोरं मराठी शाळेत घाला. मी इकडे ओहायोत, ड्राइव्हवेतला बर्फ तसाच ठेवून, वाचतोय आणि चिडतोय. अरे, भाषा कुठलीही घ्या, चार वर्षांत आपल्याला स्वतःचं एक वाक्य तरी कुणी लिहायला लावलं का?

सबमिशनची रात्र आठवा. काचेखाली बल्ब लावून दुसऱ्याच्या शीटची जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारायची आणि सीनियरच्या जर्नलमधून प्रयोग उतरवायचे, त्याच्या चुकलेल्या रीडिंगसकट. शेवटी कन्क्लूजन: ‘थस, वुई हॅव स्टडीड द सेंट्रिफ्युगल पंप.’ पंपाची एफिशियन्सी किती आली, कमी आली तर का, कुणी विचारलं नाही. सरांनी जर्नल न वाचताच सही ठोकली.

इथे पहिल्याच सेमिस्टरला माझा रिपोर्ट परत आला, तर त्याच ओळीखाली लाल शाईत एकच शब्द: ‘सो?’

आता लॅब मीच शिकवतो. रुब्रिकमध्ये, म्हणजे गुण देण्याच्या तक्त्यात, तीस टक्के नुसत्या लिखाणाला. पहिल्या तासाला नासाच्या कोलंबिया अवकाशयानाची स्लाइड दाखवतो. जानेवारी २००३. यान वर आहे, डाव्या पंखावर फोमचा तुकडा आदळलाय. स्लाइडचं शीर्षक धीर देणारं. खरी गोष्ट पार तळाशी, बारक्या अक्षरांत: चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा, हा १९२०. म्हणजे ६४० पट! १ फेब्रुवारीला कल्पना चावलासह सातही जण गेले. गेले फोममुळे, मान्य. पण चौकशी मंडळाने त्या स्लाइडवरही बोट ठेवलं.

माझे वडील पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता. त्यांची टिपणी असायची: ‘दरवाजा क्र. ३ चे रबर सील उजव्या बाजूस दीड फूट फाटले आहे. पावसाळ्यापूर्वी बदलावे.’ संपलं. रुब्रिक कुणी दिलं होतं त्यांना?

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. इंग्रजीतून, कारण मराठीत टाइप करायला वेळ लागतो. अर्ध्या मिनिटात उत्तर: ‘मग ये की परत. शिकव.’ त्यावर तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.

परवा ऑफिस अवर्सला एमएसचा एक नवा मुलगा आला, नाशिकचा. रिपोर्टच्या शेवटी तीच ओळ, फक्त पंपाऐवजी हीट एक्स्चेंजर. मी लाल पेन उचललं आणि तोंडातून निघालं, ‘जीटी मारायचास का रे?’ तो दचकला, मग खो खो हसला. पुढची वीस मिनिटं मराठीतून गेली. दाराबाहेर दोघं ताटकळत उभे. ती ओळ खोडायची राहूनच गेली.