एनिस यांचा सुपरमॅन

कॉमिक्स-लेखक गार्थ एनिस यांच्या मालिकांची क्रमवारी लावणाऱ्या लेखात त्या लेखाच्या लेखकाने 'द बॉईज'ला पहिले स्थान दिले आहे आणि 'हिटमॅन'चा केवळ ओझरता उल्लेख केला आहे, हे मला मुळीच पटले नाही. सुपरहिरोंची टवाळी करणारा लेखक अशी एनिस यांची ख्याती आहे. परंतु 'हिटमॅन'च्या ३४व्या अंकात त्यांनी, जॉन मॅक्री यांच्या चित्रांसह, गॉथम या काल्पनिक शहरातील एका गच्चीवर खिन्न बसलेला जो सुपरमॅन रंगवला, तितका माणुसकीने ओथंबलेला सुपरमॅन मी क्वचितच वाचला आहे. एका अंतराळवीराला वाचवता आले नाही याची खंत तो 'हिटमॅन'चा नायक असलेल्या भाडोत्री मारेकऱ्याजवळ बोलून दाखवतो आणि तो मारेकरीच त्याला धीर देतो. या अंकाला १९९९ साली कॉमिक्ससाठीचा आयस्नर पुरस्कार मिळाला, तो सर्वस्वी योग्यच होता.

एनिस यांच्याच 'पनिशर मॅक्स' या मालिकेतील, स्त्रियांच्या तस्करीवरील 'द स्लेव्हर्स' हे कथानकही मी त्याच पंक्तीत बसवीन, कारण तिथली हिंसा वाचकाला सुखावत नाही.

'द बॉईज'च्या ७२ अंकांत मात्र किळस हेच अनेकदा साध्य होऊन बसते. ह्यूई आणि अ‍ॅनी या प्रेमी जोडीचे हळुवार प्रसंग वगळले, तर पुष्कळ पाने केवळ धक्का देण्यासाठी लिहिलेली वाटतात. 'हिरोगॅझम' ही 'द बॉईज'ची सहा अंकी उपमालिका तर मला एनिस यांचे सर्वांत कमकुवत लेखन वाटते.