अस्लान आणि गीतेतला एक शब्द

परवा लेकीला सी. एस. लुईस या इंग्रजी लेखकाच्या ‘नार्निया’ या सात पुस्तकांच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक वाचून दाखवताना दगडी मेजाचा प्रसंग आला. एडमंड नावाच्या एका फितूर पोराच्या बदल्यात अस्लान सिंह स्वतःचा जीव देतो. त्याआधी त्याची आयाळ भादरतात, टिंगल करतात. पहाटे तो पुन्हा जिवंत. लेकीचा प्रश्न एवढाच: “आयाळ परत आली का?” आली. पुस्तकातच तसं लिहिलंय.

मी सातवीत वाचलं तेव्हा मलाही क्रूस वगैरे काही दिसला नव्हता. टर्किश डिलाइट नावाच्या मिठाईपायी एडमंडनं भावंडांना विकलं, याचंच नवल. (माझ्या डोक्यात तो माहीमचा हलवा होता. पुस्तक आलं १९५० साली, आणि ब्रिटनमध्ये मिठाईवरचं रेशनिंग उठलं १९५३ मध्ये, हे फार नंतर कळलं. मग एडमंडची जरा दया आली.)

कॉलेजात कुणीतरी म्हणालं, “अरे, तो सिंह म्हणजे येशू.” गोड बोलून कुणीतरी गंडवल्यासारखं वाटलं. लुईसचं म्हणणं, हे रूपक नाहीच. नार्नियासारखं जग खरंच असतं आणि देवाचा पुत्र तिथे सिंह होऊन आला असता, तर काय झालं असतं, एवढीच कल्पना. तेव्हा मला ती पळवाट वाटली. आता पटते. मरणाच्या वाटेवर निघालेल्या त्या सिंहाच्या आयाळीत दोन मुली हात घालून चालतात. नुसत्या प्रतीकाला अशी ऊब नसते.

माझं खरं भांडण आहे १९५६ च्या शेवटच्या पुस्तकाशी. तिथले शत्रू कॅलोरमेनी: सावळे, पागोटेवाले, वाकड्या तलवारींचे. त्यांचा देव टॅश, पक्ष्याच्या डोक्याचा, चार हातांचा. हे वाचताना आपण नक्की कुठल्या बाजूला बसायचं?

आणि त्याच पुस्तकात एमेथ भेटतो. जन्मभर टॅशला मनापासून भजलेला तरुण सैनिक. अस्लान त्याला सांगतो, तू टॅशची केलेली सेवा मला पोचली. मी थबकलोच. गीतेचा नववा अध्याय आठवला: ‘तेऽपि मामेव कौन्तेय यजन्ति’. दुसऱ्या देवांना श्रद्धेने भजणारे मलाच भजतात. पण पुढचा शब्द आहे ‘अविधिपूर्वकम्’, विधीला सोडून. म्हणजे दार सताड उघडं, पण घर कुणाचं ते आधीच ठरलेलं. लुईसचंही नेमकं तसंच. आपला श्लोक उदार म्हणून मिरवायचा आणि लुईसला मात्र प्रचारक म्हणायचं, हे मला तरी जमत नाही.

लेक अजून सातव्या पुस्तकापर्यंत पोचलेली नाही. आमच्या देव्हाऱ्यातल्या गणपतीला चार हात आहेत. ती विचारणारच.