‘रेक्यानेसमध्ये बघण्यासारखं आहे तरी काय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आइसलँडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या रेक्यानेस द्वीपकल्पाच्या एक दिवसाच्या गाइडेड टूरबद्दल मी जे लिहिलं, ते तुम्हाला पटलं नाही आणि का पटलं नाही हे तुम्ही सविस्तर कळवलंत. त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : आइसलँडला इतक्या लांब जाऊन एक अख्खा दिवस काळे दगड आणि वाफ बघण्यात घालवणं म्हणजे दिवस वाया; तेवढ्यात दक्षिण किनाऱ्यावरचे धबधबे झाले असते. जायचंच असेल तर गाडी भाड्याने घेऊन अर्ध्या दिवसात उरकता येतं, गाइडची गरज नाही. आणि सगळ्यात कडक आक्षेप ग्रिंडाव्हिक या गावाबद्दल : ज्वालामुखीमुळे लोकांची घरं गेली तिथे पर्यटकांची बस नेणं हा दुःखाचा बाजार आहे.

धबधब्यांचं आधी सांगून टाकते. स्कोगाफॉस, सेल्यालांड्सफॉस सुंदर आहेत, त्याबद्दल वाद नाही. एकच दिवस हातात असेल आणि डोळ्यांना सुख हवं असेल, तर खुशाल तिकडे जा. पण रेक्यानेस त्याच मापाने मोजू नका.

अटलांटिकच्या तळातून हजारो किलोमीटर धावणारी पर्वतरांग या द्वीपकल्पाच्या टोकाशी पाण्याबाहेर येते. उत्तर अमेरिका आणि युरेशिया ही दोन भूपट्टं इथे वर्षाला साधारण दोन सेंटीमीटरने एकमेकांपासून दूर सरकतात. सांडव्हिकजवळच्या छोट्या पुलावर सगळे ‘दोन खंडांच्या मध्ये’ फोटो काढतात. आमच्या गाइडने तिथेच स्पष्ट सांगितलं की हा पूल प्रतीक म्हणून आहे. सीमा एका रेषेची नाही, कित्येक किलोमीटर रुंदीच्या पट्ट्याची आहे आणि अशा भेगा त्या पट्ट्यात जागोजागी आहेत. मग ती आम्हाला रस्त्यापलीकडे घेऊन गेली आणि एकामागून एक, एकाच दिशेने गेलेल्या भेगा दाखवल्या. मी एकटी गेले असते तर पुलावर फोटो काढून परत फिरले असते.

‘काळे दगड’ म्हणालात, तर वालाह्नुकुरचा कडा जवळून बघा. दीपस्तंभापासून चालत जाता येतं. कड्याच्या पायथ्याशी उशांसारखे गोल दगड एकमेकांवर रचल्यासारखे दिसतात. लाव्हा पाण्यात बाहेर पडला की त्याचा बाहेरचा थर क्षणात गोठतो, आतला रस तसाच ढकलत राहतो, कवच फुटतं आणि पुढची उशी तयार होते. नीट पाहिलं तर प्रत्येक उशीच्या कडेला काचेसारखी बारीक काळी किनार आहे आणि आतल्या भेगा मधून बाहेर, चाकाच्या आऱ्यांसारख्या गेलेल्या आहेत. त्याच कड्यात राखेचे घट्ट झालेले थरही आहेत. इथलाच पहिला दीपस्तंभ १८७८ सालचा, आइसलँडमधला सर्वात जुना. भूकंपांनी आणि लाटांच्या माऱ्याने तो टिकेना, म्हणून १९०७-०८ मध्ये आत, टेकडीवर नवा बांधला. समोर समुद्रात एल्डे नावाचा उभा खडक दिसतो. ग्रेट ऑक या न उडणाऱ्या पक्ष्याची शेवटची ज्ञात जोडी तिथे १८४४ मध्ये मारली गेली. किनाऱ्यावर त्या पक्ष्याचा एल्डेकडे तोंड करून उभा असलेला पुतळा आहे. त्याच्यापाशी मी बराच वेळ थांबले, आणि तो वेळ वाया गेला असं मला आजही वाटत नाही.

गुन्नुह्वेर या उकळत्या झऱ्यांच्या जागेची वाफ तर वेगळीच. बहुतेक ठिकाणी जमिनीखाली पावसाचं किंवा बर्फाचं पाणी तापतं. इथे खाली समुद्राचं खारं पाणी आहे. ते उकळून वर येतं, वाटेत खडक कुजवतं आणि त्याचा करडा चिखल होतो. वारा फिरला की त्या वाफेत पुढची व्यक्ती दिसत नाही. आम्ही पोचलो तेव्हा फळीच्या वाटेचा एक भाग वाफेने भरला होता. गाइडने सगळ्यांना थांबवून वाऱ्याच्या वरच्या बाजूने नेलं.

इथून तुमच्या गाडीच्या मुद्द्याकडे येते. गाडी घ्या, मुळीच हरकत नाही. रस्ते चांगले आहेत, पाट्या आहेत, राजधानी रेक्याविकपासून अंतरही कमी आहे. पण हा किनारा गेल्या काही वर्षांत स्थिर नाही. जवळजवळ आठशे वर्षं शांत राहिल्यावर १९ मार्च २०२१ ला फाग्रादाल्सफ्याल या डोंगरापाशी ज्वालामुखीचा उद्रेक झाला. डिसेंबर २०२३ पासून सुंधनुकुरच्या भेगांच्या रांगेतून पुन्हा पुन्हा लाव्हा बाहेर आला. रस्ते गाडले गेले, नव्या लाव्हावरून परत बांधले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्लू लगून या गरम पाण्याच्या प्रसिद्ध तलावाचा वाहनतळ लाव्हाखाली गेला. कोणता रस्ता आज उघडा आहे, गंधकाचा वायू आज कुठल्या बाजूला जातोय, हे सकाळी हवामान खात्याच्या नकाशावर बघावं लागतं. तुम्ही बघालही. पण वरून काळा, टणक दिसणारा ताजा लाव्हा आत अजून धगधगत असू शकतो, त्यावर पाय ठेवायचा नाही. शेवाळावरून चालायचं नाही, कारण तुडवलेलं शेवाळ भरून यायला दशकं लागतात. ब्रिमकेटिलच्या दगडी कुंडाशी सज्ज्याच्या कठड्यापलीकडे उतरायचं नाही. हे सगळं पाट्यांवर लिहिलेलंच आहे, आणि तरीही माझ्या डोळ्यांसमोर दोघे जण कठडा ओलांडून खाली गेले. गाइडच्या हाकेने परत आले. पुढच्याच लाटेने ते कुंड काठोकाठ भरून पाणी वर उसळलं. गाइडचा उपयोग माहिती सांगण्यापुरता नसतो. कुठे उभं राहायचं नाही हे ठामपणे सांगणारं कुणी तरी तिथे हवंच.

आता ग्रिंडाव्हिक. तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो प्रत्येक पर्यटकाने स्वतःला विचारायलाच हवा. हे मासेमारीचं गाव, सुमारे ३,७०० वस्तीचं. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री भूकंपांमागून भूकंप होत असताना ते रिकामं केलं गेलं, कारण शिलारस गावाखाली घुसला होता. १४ जानेवारी २०२४ ला गावाच्या कडेलाच भेग उघडली आणि लाव्हाने तीन घरं जाळली. त्याच्या काही दिवस आधी भेगा बुजवण्याचं काम करणारा एक माणूस अशाच एका भेगेत पडला. तो सापडला नाही. पुढे सरकारी कंपनीने बहुतेक घरं विकत घेतली आणि लोक दुसरीकडे गेले.

हे सगळं माहीत असताना तिथे का गेले? कारण गाव मेलेलं नाही. २१ ऑक्टोबर २०२४ पासून ते सगळ्यांसाठी पुन्हा खुलं केलं गेलं. नंतरच्या उद्रेकांच्या वेळी परत रिकामं करावं लागलं, तरी बंदरावर काम चालतं. गाव आता गेलंच, असं बाहेरच्यांनी ठरवून टाकणं तिथल्या माणसांना बोचतं. आमची गाइड याच द्वीपकल्पात वाढलेली, तिची मैत्रीण ग्रिंडाव्हिकची. तिने बसमध्येच बजावलं होतं : घरांच्या खिडक्यांतून डोकवायचं नाही, कुणाच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही, घरांसमोर सेल्फी नाहीत, आणि रस्ता सोडायचा नाही कारण जमिनीखाली अजून पोकळ्या असू शकतात. रस्त्यात एके ठिकाणी डांबराचा नवा पट्टा होता. जुन्या डांबरापेक्षा काळाभोर, आणि दोन्ही बाजूंची पातळी जुळत नव्हती. तो ओलांडताना बस अगदी हळू झाली. तिथे तिने काहीच सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. खाली उतरून आम्ही पाहिले ते मुख्यतः संरक्षक बंधारे : दगडमातीचे प्रचंड बांध, लाव्हा गावापासून आणि स्वार्तसेंगीच्या वीजकेंद्रापासून वळवण्यासाठी रात्रंदिवस खपून घातलेले. ८ फेब्रुवारी २०२४ ला लाव्हाने गरम पाण्याची मुख्य वाहिनी तोडली तेव्हा ऐन थंडीत वीस हजारांवर लोकांच्या घरांची ऊब गेली होती. ती वाहिनी माणसांनी परत जोडली. मला तरी यात बाजार दिसला नाही. माणसं किती नेटाने उभी राहतात ते दिसलं, आणि त्याबद्दल आदर वाटला. ज्या टूरमध्ये हे भान नसेल, जिथे जळलेल्या घरांचं आमिष दाखवून तिकीट विकलं जातं, तिथे तुमचा आक्षेप शंभर टक्के लागू आहे. तशा टूरला जाऊ नका, मीही जाणार नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की तुमच्या आईवडिलांना झेपेल का. चालणं फार नाही, पण वारा जबरदस्त असतो आणि वालाह्नुकुरच्या किनाऱ्यावरचे गोटे पायाखाली सरकतात, तिथे त्यांनी दीपस्तंभापाशी थांबलेलं बरं. बुकिंग करण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या : ग्रिंडाव्हिक बंद असेल तर त्याऐवजी कुठे नेणार, गाइड वेगळा असतो की ड्रायव्हरच माहिती सांगतो, आणि गुन्नुह्वेरला किती वेळ थांबतात. दम्याचा त्रास असेल तर वाफेच्या आणि वायूच्या जागांबद्दल डॉक्टरांशी आधी बोला. वाऱ्यापावसाला दाद न देणारं जाकीट आणि घोट्यापर्यंतचे बूट मात्र उन्हाळ्यातही न्याच.